नाव गावाला, घर कुडव्याला

"यंदा कोन निंगते भाऊ?"

2024 च्या नोव्हेंबरात कुडवा नाक्यावरच्या चहाटपरीवर पंधरा दिवस चहाबरोबर हा एकच प्रश्न उकळत होता. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. कोण काय करणार, कोणी काय केलं, हे कुणी विचारत नव्हतं. शंकरपटात कोणती जोडी निघते यावर पैज लावावी, तशी आपण आमदारकीवर लावतो. फरक एवढाच, की पटातल्या बैलांकडून आपल्या नालीची अपेक्षा नसते.

कुडव्याकडे सगळेच निर्धास्तपणे पाहतात. गोंदिया शहराला लागून, नोकरदार, शिकलेली, शांत वस्ती. दगड नाही, दंगा नाही. राजकारणातली माणसं अशा वस्तीला 'सेफ' म्हणतात, आणि आपण ते कौतुक म्हणून घेतो. सेफ कुणासाठी, हे कधी विचारलं का?

गोंदिया मतदारसंघाचा 2014 पासूनच्या दहा वर्षांचा हिशेब पाहा. 2014 ला गोपालदास अग्रवाल पंजावर, विनोद अग्रवाल कमळावर. 2019 ला गोपालदास कमळावर, विनोद अपक्ष. 2024 ला गोपालदास पुन्हा पंजावर, विनोद पुन्हा कमळावर. त्याआधी धनुष्यबाणावर दोनदा निवडून आलेले रमेश कुथे मध्ये भाजपमध्ये गेले आणि जुलै 2024 मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेत परतले. पक्ष बदलणं कायद्यात बसतं. त्यांना नावं ठेवून मोकळं व्हायला मी लेखणी उचललेली नाही. चिन्हं फिरली तरी आपला एकही प्रश्न बदलला नाही, कारण आपण तो विचारलाच नव्हता. माझं दुखणं हे आहे.

2019 ला आम्ही पक्ष झुगारून अपक्ष निवडला, असं छाती फुगवून सांगणारे भेटतात. खरं आहे, 27 हजारांवर मताधिक्य दिलं. पण त्या मताधिक्याच्या बदल्यात मागितलं काय? शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 ला सुरू झालं ते केटीएस रुग्णालयाच्या आधारानं. त्याच्या स्वतःच्या इमारतीच्या भूमिपूजनाला 2024 उजाडलं. मधल्या एकाही प्रचारसभेत कुणी उभं राहून याची तारीख विचारल्याचं मी ऐकलं नाही. मीही विचारली नाही.

आता खरी गोम सांगतो. धानाच्या बांध्या मोडून इथं ले-आउट पडले. तिरोड्याचा शिक्षक, आमगावचा ग्रामसेवक, गोरेगावचा कारकून, सगळ्यांनी प्लॉट घेतले, घरं बांधली, वास्तुपूजनं केली. बांधीचं काम पाणी धरून ठेवण्याचं. तिच्यावर घर बांधलं म्हणून पावसाळ्यात ती आपला धर्म सोडत नाही. पाणी अंगणात आलं की आपण सरपंचाच्या नावानं बोटं मोडतो. आणि मतदार यादी उघडली तर? नाव गावाला! "राहू द्या, तिथं आपला मानूस उभा राहते." झोपायचं इथं, मत टाकायचं तिथं. कायदा म्हणतो, जिथं तुमचा नेहमीचा रहिवास, तिथं तुमचं नाव. बदलायला नमुना 8 भरावा लागतो, बस. प्लॉटचा फेरफार करायला तलाठ्याकडे दहा खेटे घालणाऱ्या माणसाला हा एक अर्ज भरायला वेळ सापडत नाही. ज्याचं नावच यादीत नाही, त्याच्या नालीची काळजी कोण करील? अशी वस्ती सेफच असणार.

नाव इथंच असलेल्यांनीही फुशारकी मारू नये. "आमच्या गल्लीत अजून काही आलं नाही," ही तक्रार मी या कानांनी ऐकली आहे, पगारदाराच्या तोंडून. कोण देतो, देतो की नाही, ते निवडणूक आयोगाच्या पथकांनी शोधावं. मी मागणाऱ्याबद्दल बोलतो आहे. मतासाठी पैसे घेणाराही देणाऱ्याइतकाच गुन्हेगार आहे, आणि नव्या न्याय संहितेतही ते कलम शाबूत आहे.

वर हेच लोक लाडकी बहीण योजनेतल्या बहिणींना हसतात! दीड हजारात बाया विकल्या गेल्या म्हणे. धानाला हेक्टरी 20 हजारांचा बोनस खात्यात आला तेव्हा, भाऊ, तुम्ही विकले गेला होता का? तो तुमचा हक्क आणि हा तिचा मिंधेपणा, हे कोणत्या तराजूत मोजलं? जिल्ह्याच्या यादीत बायांची नावं पुरुषांपेक्षा जास्त आहेत. तरी बूथवर निघताना "कोनतं बटन दाबायचं" हे उंबरठ्यात सांगणारा पुरुष घरोघरी सापडेल.

आणि जात. आपला-परका बघूनच यादीवर टिक होते, हे लपवण्यात अर्थ नाही. गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, तेव्हाची गोष्ट. 1954 साली भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. घटना लिहिणारा माणूस मत मागायला दारात आला, आणि या मुलखानं त्याला पाडून भाऊराव बोरकरांना दिल्लीला पाठवलं. 2024 ला त्याला सत्तर वर्षं झाली. 14 एप्रिलला आपण सगळेच हार घेऊन पुतळ्यापाशी जातो, सगळ्या पक्षांचे. पण तो निकाल कुठल्याच भाषणात येत नाही.

दिवाळी सरली होती, गावोगावी मंडईची जत्रा भरत होती. रात्री दंडारीचा खेळ, दिवसा हात जोडलेले उमेदवार. तेव्हा एक दिवस आमच्या ले-आउटमधले गुरुजी मोटरसायकलला पोतं बांधत होते. माझ्यापेक्षा दहा वर्षं आधीपासून ते कुडव्यात राहतात. विचारलं, "गुरुजी, वीस तारखेला इथं का तिथं?"

"गावालाच. धान बांधायचा आहे, मतही टाकून येतो," ते म्हणाले. मग थांबून, "अन् तुमचं?"

माझा अर्ज टेबलाच्या खणात आहे. फोटोसुद्धा चिकटवलेला आहे. पाच वर्षं झाली.