स्तंभावर नसलेली नावे

दरवर्षी १ जानेवारीला शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाजवळील विजयस्तंभास मानवंदना देण्यास आपण लाखोंनी जमतो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी तेथे लढली. तिच्यातील पडलेल्या शिपायांपैकी ‘नाक’ प्रत्ययाची नावे आपण स्तंभावर अभिमानाने वाचतो. १९२७ साली परमपूज्य बाबासाहेब त्या स्थळी गेले, तेव्हापासून तो दगड आपल्याशी बोलू लागला. परंतु वाचकहो, तुमच्या आजोबा-पणजोबांनी १९४१ ते १९४५ या काळात जे युद्ध पाहिले, त्याचा दगड कोठे आहे?

हा इतिहास कटू आहे. १८९२ च्या सुमारास ‘लढवय्या जातीं’च्या सिद्धान्तापायी आपली भरती सरकारने बंद केली. गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, ते व्यर्थ गेले. पहिले महायुद्ध अंगावर येताच १९१७ साली ‘१११ महार’ पलटण उभारण्यात आली आणि १९२१ साली मोडण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो! १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. तेथे या शिपायांनी काय भोगले, आणि नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाविरुद्धच्या त्या युद्धातून परतल्यावर गावच्या पाणवठ्यावर त्यांचे कसे स्वागत झाले, हे फारसे कोणी लिहून घेतले नाही.

अमेरिकेतील काळ्या शिपायांची कथा याहून निराळी नाही. दहा लाखांहून अधिक काळे लोक त्या युद्धात सैन्यात होते, तेही बहुशः वेगळ्या तुकड्यांत. त्यांपैकी एकालाही त्या युद्धासाठी सर्वोच्च शौर्यपदक मिळाले नव्हते. पुढे जुनी दप्तरे तपासली गेली आणि १९९७ साली सात जणांना ते देण्यात आले. तोवर सातांपैकी सहा मृत झाले होते. न्याय उशिरा मिळाला, तथापि तो कागदामुळे मिळाला.

म्हणून ही विनंती, विशेषतः नवदीक्षित कुटुंबांना. धम्मदीक्षेनंतर घरातील देव भीमेत सोडले जातात. कोरेगावाहून वाहत येणारी हीच नदी दौंडला लागते. ते योग्यच आहे. परंतु घर झाडताना देव्हाऱ्याखालची पत्र्याची ट्रंकही रिकामी होते आणि तिच्यात डिस्चार्ज बुक, पदक, एखादे पोस्टकार्ड असते. ते फेकू नका. कोणी म्हणेल, बुद्धाच्या उपासकांना युद्धाच्या आठवणी कशाला? आम्ही युद्धाची पूजा करा असे म्हणत नाही. पुरावा जपा, एवढेच म्हणतो. पुराव्यावाचून हक्काची मागणी किती दुबळी होते, हे वकिलाला रोज दिसते.

त्या पिढीतील शिपाई आज हयात असला तर शंभरीच्या घरात आहे. त्याची वा त्याच्या पत्नीची हकीकत याच पंधरवड्यात लिहून घ्या. दुसऱ्या महायुद्धातील बिनपेन्शनी माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासन मासिक अर्थसाहाय्य देते. त्यासाठी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. सोबत डिस्चार्ज बुकाची नक्कल न्यावी, मूळ प्रत हातची सोडू नये, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नये.