दुर्बीण कोणती घ्यावी?

किरनापुरातील एका स्नेह्यांनी गेल्या महिन्यात आम्हांस विचारले : मुलाला नेमबाजी शिकवावयाची आहे, हवेच्या बंदुकीवर कोणती दुर्बीण बसवावी? प्रश्नात घरातले चार पैसे आणि मुलाची उमेदीची वर्षे गुंतलेली असल्याने उत्तर येथेच, सर्व वाचकांसाठी देतो.

प्रथम ठरवावे ते हे की, मुलाला खेळावयाचे काय आहे? ऑलिंपिकमधील रायफलच्या स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या ठरल्या. दोघांचेही यश दुर्बिणीवाचूनचे. अशा बंदुकीवर असते ती ‘पीप साइट’ : मागे बारीक छिद्र, पुढे कडे. छिद्राच्या मध्यावर कडे आणि कड्याच्या मध्यावर लक्ष्याचे काळे वर्तुळ आले की नेम जुळला. १० मीटरवरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा. तोही असाच साधावयाचा. दुर्बिणीची सवय जडलेल्या मुलास ही विद्या पुन्हा पहिल्यापासून गिरवावी लागते.

फील्ड टार्गेट, बेंचरेस्ट अशा काही प्रकारांत मात्र दुर्बीण लागते. तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, वर्धन. ‘४×३२’ म्हणजे प्रतिमा चौपट मोठी आणि पुढील भिंग ३२ मिलिमीटरचे. ३२ ला ४ ने भागले असता ८ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापाशी येतो. त्याच भिंगावर वर्धन १६ पट केले तर उरतो २ मिलिमीटरचा, आणि सांजवेळी चित्र काळवंडते. शिवाय लक्ष्याबरोबर हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. दुसरी, अंतर. पुष्कळ दुर्बिणी १०० यार्डांसाठी जुळविलेल्या असतात. १० मीटरवर चित्र अंधुक होते आणि डोळा किंचित हलताच नेम सरकतो. म्हणून जवळच्या अंतरावर जुळविता येणारीच घ्यावी. तिसरी, धक्का. स्प्रिंगच्या हवाई बंदुकीचा झटका मागे आणि लगेच पुढे, असा दुहेरी बसतो. त्यात साध्या दुर्बिणी निकामी होतात. अशा बंदुकीसाठी मुद्दाम बनविलेली आहे ना, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे.

आमचा सल्ला असा की, खरेदीपूर्वी मुलास एखाद्या रेंजवर न्यावे आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तेथील बंदूक हाती द्यावी. आपल्या मध्यप्रदेशात भोपाळला राज्य नेमबाजी अकादमी आहे. खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर तेथेच घडले आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकपर्यंत पोचले. हवाई बंदूक हेदेखील शस्त्रच आहे. तिची नळी माणसाकडे कधीही वळू नये, हा पहिला धडा घरीच द्यावा.

मुलाचे मन ऑलिंपिकच्या प्रकारांत रमले, तर दुर्बिणीचे पैसे छर्ऱ्यांवर आणि सरावावर खर्चावेत. तो खर्च वाया जाणार नाही.