साधने आहेत, संकल्प कुठे आहे?

संगणकयुगातील शिक्षण म्हणजे इंग्रजी शिक्षण, ही समजूत मराठी मध्यमवर्गाने कुणाकडून उसनी घेतली? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. त्याच काळात शहरी पालक ‘बायजूज’च्या पाठांसाठी हजारो रुपये मोजत होते. ती कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली.

केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ पासून विनामूल्य आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर खुला आहे. मग उणीव कशाची? शासन व्यासपीठ उभारते आणि शिक्षकाला तक्ते भरण्यास जुंपते. पालक व्याख्यानमालेत मातृभाषेचा गौरव ऐकतात आणि पाल्याला इंग्रजी शाळेत धाडतात!

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेचा आग्रह धरला आहे. तो कागदावर राहू द्यायचा नसेल, तर शासनाने शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून मुक्त करावे. कार्यकर्त्यांनीही आधी आपल्या घरातील मूल मराठी शाळेत घालावे. स्वत्वाचे बौद्धिक त्यानंतर द्यावे.