माळ पेटवण्याआधी ग्रामसभा बोलवा

शेतकरी बंधूंनो, हरभरा निघाला, गहू घरात आला की आपल्याकडे काडी ओढायची आणि बांध पेटवून मोकळे व्हायचे, ही जुनी सवय. वारा सुटला की तीच आग गायरानात शिरते आणि रात्रभर माळ धुमसत राहतो.

'जाळलं की गवत जोमानं येतं' असे म्हणतात. कोवळे फुटवे येतात, हे खरे. पण पालापाचोळ्याचे पांघरूण जाते, जमीन उघडी पडते आणि मृगाची पहिली जोरदार सर माती ओढ्यात नेते. हल्ली पाऊसही कसा पडतो? आधी दडी, मग एका रात्रीत सारा. उघडा माळ तो झेलणार कसा?

टिटवी, तित्तिर ऐन उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालतात. धामण, ससा, घोरपड यांचा आसरा बांधावरच्या गवतात. धामण उंदीर खाते. तिला जाळायचे अन् उंदरांसाठी औषध विकत आणायचे, हा कुठला हिशेब?

'मग हरणांनी खाल्लेल्या पिकाचं काय?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पंचनामा वेळेवर झालाच पाहिजे, भरपाई मिळालीच पाहिजे. पण माळावर चाराच ठेवला नाही, तर जनावर हिरव्या पिकात घुसणारच.

सगळे सरकारवर सोडून भागत नाही. सोलापूर-नगरच्या माळांवर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले, तरी माळढोक तिथून जवळजवळ दिसेनासा झाला. उलट धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले बारीपाडा बघा. १९९० च्या दशकात चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावानेच नियम केले, दंड ठरवले, राखण सुरू केली. सुमारे ४०० हेक्टर जंगल उभे राहिले. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण पाणी आणि रानभाजी साऱ्या गावाला मिळाली.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळी, २००२ च्या जैवविविधता कायद्याने तुमच्या पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा गावोगावच्या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. तुमची कपाटात पडून असेल, तर बाहेर काढा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. माळावर काय होते, काय उरले, हे म्हातारी माणसे सांगतील.

मग ठराव करा. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत बांध आणि गायरान पेटवायचे नाही. बांधावरचे गवत कापून गोठ्यात न्यायचे, नाहीतर फळझाडांच्या बुंध्याशी पसरायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गायरानाभोवती गवत खरडून जाळरेषा काढायची. बी गळून पडल्यावरच गायरानातली कापणी, आणि आधी वाटा ज्याला जमीन नाही त्याला. नियम मोडील त्याला दंड, मग तो सदस्याचा भाऊ का असेना!

या कामाला ना निधी लागतो, ना मंत्र्याचा नारळ. गावाचे एकमत लागते, आणि तेच अवघड असते. म्हणून यंदा काडी खिशातच राहू द्या. आधी ठराव होऊ द्या.