बंदी नको, दंड वाढवा



नागालँडमध्ये कुत्र्याचे मांस खाल्ले जाते हे कळले की मुंबई-पुण्यातल्या प्राणिप्रेमींना आधी किळस येते आणि मागोमाग बंदी आठवते. २०२० साली नेमके हेच झाले. दिमापूरच्या बाजारात तोंडे बांधून गोणपाटात कोंबलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे देशभर फिरली, निषेधाचा भडिमार झाला आणि जुलैत नागालँड सरकारने कुत्र्यांची आयात, बाजार आणि कच्च्या-शिजवलेल्या मांसाची विक्री बंद करून टाकली.

बंदी टिकली नाही. विक्रेते न्यायालयात गेले; नोव्हेंबरात स्थगिती मिळाली आणि जून २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने आदेश रद्दच केला. तो काढण्याचा अधिकार मुख्य सचिवांना नव्हता, अन्नसुरक्षा आयुक्तांना होता, हा झाला तांत्रिक मुद्दा. न्यायालयाने पुढे जे म्हटले ते अधिक मोलाचे आहे. नागा समाजात हे मांस आजही मान्य अन्न आहे, आणि छायाचित्रांतल्या छळावर उपाय म्हणजे प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याची नीट अंमलबजावणी.

प्राणिप्रेमींनी बोट ठेवायला हवे होते ते इथेच. १९६० च्या या कायद्यानुसार जनावराला विनाकारण वेदना होतील अशा तऱ्हेने वाहून नेणे हा गुन्हाच आहे, मग ते पुढे ताटात जाणार असो वा नसो. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! एवढ्यात दोघांचा चहा-वडापावही होत नाही. आणि पोत्यातल्या कुत्र्यासाठी हळहळणाऱ्यांपैकी किती जण सायकलला उलट्या टांगून नेलेल्या कोंबड्यांसाठी पोलिसांत गेले?

बंदीवाले हमखास दक्षिण कोरियाचा दाखला देतात. तिथल्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये २०८ विरुद्ध शून्य मतांनी कायदा केला खरा. पण १९८८ च्या सोल ऑलिम्पिकपासून परदेशी टीकाकारांना जे जमले नाही, ते घरात कुत्री पाळणाऱ्या कोरियन पिढीने करून दाखवले. शिवाय तो कायदा खाणाऱ्याला शिक्षा करत नाही. खाण्यासाठीची पैदास, कत्तल आणि विक्री तो थांबवतो, आणि व्यावसायिकांना त्यासाठी २०२७ पर्यंत मुदतही देतो.

हे मांस न खाणारे, कुत्री जिवापाड सांभाळणारे नागाही आहेत. तो वाद त्यांच्या घरचा, त्यांनाच घालू द्यावा. इथल्या प्राणिप्रेमींनी आपापल्या खासदारांकडे एकच मागणी लावून धरावी: पन्नास रुपयांचा तो दंड वाढवा, आणि कुत्र्याइतकाच कोंबडी-बकरीच्या वाहतुकीतही वसूल करा.