ठराविक किमतीचे मृगजळ

'संरक्षण खरेदीत ठराविक किमतीचा करार केला की लूट थांबते', हा समज इतिहासाने केव्हाच खोटा ठरवला आहे. तरीही तो उगाळला जातो.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने अनेक कंत्राटदारांना खर्चावर टक्केवारीने नफा दिला. खर्च वाढेल तसा नफाही वाढणार. मग काटकसर करील कोण? १९४१ च्या युद्धाधिकार कायद्याने ही पद्धत निषिद्ध ठरवली. खर्च भरून द्यावा, पण नफ्याची रक्कम आधीच बांधावी, हा मार्ग रूढ झाला.

पुढे दुसरे टोक गाठले गेले. १९८८ साली अमेरिकी नौदलाने ए-१२ विमानाच्या विकासाचे काम कमाल किंमत बांधून मॅकडॉनेल डग्लस व जनरल डायनॅमिक्स यांना दिले. तंत्रज्ञान अपक्व, किंमत मात्र पक्की! वजन वाढले, खर्च वाढला. जानेवारी १९९१ मध्ये करार रद्द झाला. विमान एकही मिळाले नाही. वाद २०१४ पर्यंत चालला.

म्हणून करारांची क्रमवारी लावू नका. जोखीम कोणाला मोजता येते, ते विचारा. बूट, तंबू, काडतुसे यांची किंमत बांधता येते. जे विमान अजून कोणी घडवलेच नाही, त्याची नव्हे. तेथे हिशेब तपासणारे जागरूक शासनच हवे. करारपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.