चौकटीच्या पायाशी

इंदूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव घरातील फरशीचे काम स्वहस्ते करावयाचे म्हणतात, आणि त्यासाठी 'ऑसिलेटिंग मल्टी-टूल' नावाचे विजेचे यंत्र घ्यावे असा त्यांचा आग्रह आहे. घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोणते, असे बाईंनी आम्हांस विचारले आहे. मराठी शिकविणाऱ्यास हा प्रश्न विचारावा याचे प्रथम नवल वाटले. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी हेच यंत्र आले, आणि ते आणण्यापूर्वी आम्ही बराच काथ्याकूट केला होता, म्हणून लिहितो.

आमची खजुरी आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. येथील जुन्या घरांत पायाखाली शहाबादी फरशी असावयाचीच. शहाबाद आमच्याच जिल्ह्यातले, गुलबर्ग्याहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. तेथील करडा चुनखडीचा दगड थराथराने सुटतो, म्हणून त्याची सपाट लादी सहज निघते. पुण्या-सोलापुराकडील कित्येक वाड्यांत आणि शाळांत वाचकांनी तो तुडविला असेल. मात्र जो त्याचा गुण, तोच दुरुस्तीच्या वेळी दोष ठरतो. स्वयंपाकघरातील एक तडकलेली लादी काढण्यासाठी छिन्नी-हातोडी चालविली, तर शेजारच्या चांगल्या लादीचीही खपली उडते.

आमच्याकडे दोन कामे होती. एक ही लादी. दुसरे, बैठकीत जुन्या फरशीवरच नव्या टाइल बसविणे. टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून जमीन अर्ध्या इंचाहून थोडी अधिक उचलली जाते. दाराची फळी बिजागरीवरून काढून खालून कापता येते, पण चौकट भिंतीत पक्की. तिचे पाय तेवढेच कापले तर टाइल खाली सरकते. नाहीतर चौकटीभोवती टाइल वेडीवाकडी कातरून फटी सिमेंटने बुजवाव्या लागतात, आणि ते ठिगळ जन्मभर दिसत राहते. चौकट सागवानी, वडिलांनी बसविलेली. तिला ठिगळ लावण्यास मन घेईना.

काम करणारा गवंडी आमचाच माजी विद्यार्थी. ग्राइंडरला लाकूड कापण्याचे पाते लावून काम उरकता येणार नाही का, असे आम्ही सहज विचारले. त्याने डावा हात पुढे केला. दोन बोटे वळत नव्हती. "गुरुजी, बाकी काय बी सांगा, ग्राइंडरला लाकडाचं पातं लावायला सांगू नका," तो म्हणाला. मिनिटास दहा-अकरा हजार फेरे घेणारे ते चाक दातेरी असले आणि लाकडात अडकले, की यंत्र उसळून अंगावर येते. शिवाय कोपऱ्यात शिरावे म्हणून वरचे संरक्षक झाकण काढून ठेवण्याची खोड सर्वत्र आहे. त्यानेही तेच केले होते. वर्गात त्याचे अक्षर फार सुंदर असे. आता तो उजव्या हाताने लिहितो खरा, पण कागद धरावयाचा डावा हात नीट टेकत नाही.

मल्टी-टूलचे पाते फिरत नाही. 'नाही, नाही' म्हणून मान हलवावी तसे ते तीन-चार अंशांतच डावी-उजवीकडे हलते, पण मिनिटास वीस हजार वेळांपर्यंत. हे तत्त्व प्रथम नावारूपाला आले ते रुग्णालयात. अमेरिकेतील मिशिगनचे अस्थितज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांना प्लास्टर कापण्याच्या अशा यंत्राचे पेटंट १९४७ साली मिळाले. टणक प्लास्टर कापले जाते, मऊ कातडी पात्याबरोबर हलते आणि वाचते. १८९५ साली विजेवर चालणारे हातड्रिल बनविणाऱ्या जर्मनीतील फाइन कंपनीने पुढे हेच तत्त्व घरकामासाठी रुजविले. तिच्या पेटंटची मुदत २००८ च्या सुमारास संपली आणि मग इतर कंपन्या या धंद्यात उतरल्या.

धाकट्या मुलीच्या हाताचे प्लास्टर काढताना डॉक्टरांनी चालू पाते स्वतःच्या तळहाताला लावून दाखविले होते, हे आम्हांस आठवते. चिरंजीवांनीही असे कोठे पाहिले असेल, तर तो प्रयोग घरी मुळीच करू नये. लाकडाचे दातेरी पाते बोट कापते. हे यंत्र उसळी कमी मारते, एवढाच त्याचा सभ्यपणा.

आता निवड. दुकानदार प्रथम वॉट सांगतो. आपण प्रथम पात्यांचे विचारावे. यंत्र एकदाच घ्यावयाचे, पाती मात्र झिजतच राहणार. पाते बसविण्याची खाच प्रत्येक कंपनीची सारखी नसते. बॉश आणि फाइन यांनी २०१६ साली मिळून एक पद्धत आणली, तरी जुन्या पद्धती बाजारात आहेतच. आपल्या गावी जी पाती मिळतात, ती ज्याला बसतील तेच यंत्र आपले. दोन पाती अवश्य घ्यावीत: सांध्यांतील सिमेंट खरवडण्यास कार्बाइडचे खरखरीत, आणि लाकडास खिळ्यालाही दाद न देणारे द्विधातूचे. आम्ही काटकसर करून साधे लाकडाचे आणले. वडिलांनी कधी काळी चौकटीत ठोकलेला खिळा आत होता. दाते क्षणात गेले.

वेग कमी-जास्त करण्याची कळ हवीच. लाकडास वेग जास्त, सांध्यास मध्यम, काचकागदास कमी. झोक्याचा कोन मोठा तर काम भरभर, पण थरथरही अधिक, आणि पन्नाशीच्या मनगटास ती जाणवते. घरात १८ व्होल्टचे बॅटरीवरील ड्रिल असेल, तर त्याच कंपनीचे नुसते यंत्र स्वस्त पडते. नसेल तर तारेचे, सुमारे ३०० वॉटचे घ्यावे. लांब सांधा खरवडताना बॅटरी लवकर दमते. आम्ही तारेचेच घेतले, तेही तीन घरांनी वर्गणी काढून. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूपायी एकट्याने खिसा का रिता करावा?

चौकट कापण्याची युक्ती गवंड्याची. टाइलचा तुकडा पालथा ठेवून, खाली मसाल्याच्या जाडीचा पुठ्ठा घालून, पाते त्यावर आडवे टेकवावे आणि न दाबता चालवावे. दाबले की लाकूड करपल्याचा वास येतो. सांध्याची धूळ मात्र वाईट. तिच्यात वाळूची पूड असते आणि ती फुप्फुसांस बाधते, म्हणून एन-९५ मुखपट्टी आणि उघड्या खिडक्या. खुद्द शहाबादी लादी कापणे या यंत्राचे काम नव्हे. ती आम्ही सांधे मोकळे करून अखंड उचलली. शेजारणींना ओरखडाही गेला नाही.

बैठकीतील टाइल चौकटीखाली सरकली तेव्हा आमच्या सौभाग्यवती वाकून पाहू लागल्या, आणि फट कोठे ते त्यांना सापडेना. यंत्र सध्या तिसऱ्या घरी आहे. इंदूरच्या चिरंजीवांनी आधी बाजारात जाऊन पात्यांचे भाव कागदावर लिहून आणावेत आणि ते आईस दाखवावेत.